कवट्या, सोयरीक आणि इरावतीबाई
(द्वितीय वर्ष, कला)

मराठी वाचकाला इरावती कर्वे माहीत असतात त्या 'युगान्त'मुळे. ज्यांनी त्यांचे ललित लेख वाचले आहेत त्यांना पंढरीच्या वारीवरचा लेख आठवतो. परंतु पुण्याच्या डेक्कन कॉलेजात तीस वर्षे काम करणाऱ्या इरावतीबाईंचा पेशा लेखिकेचा नव्हता. त्या मानवशास्त्रज्ञ होत्या. माणसांची डोकी, नाके, उंची मोजायची, आणि कोण कोणाची मुलगी करतो, कोणाची करीत नाही, हे गावोगाव विचारीत हिंडायचे, हा त्यांचा खरा उद्योग. गंगापूर रोडवरच्या माझ्या खोलीत 'युगान्त' दोनदा वाचून झाले होते. समाजशास्त्राच्या पेपरसाठी म्हणून त्यांचे नात्यागोत्यांवरचे इंग्रजी पुस्तक ग्रंथालयातून आणले, शब्दकोश शेजारी ठेवून वाचू लागले, आणि परीक्षेचा विषय बाजूला राहून आमच्या घराचाच विषय निघाला. तो पुढे येईलच. आधी बाईंचे चरित्र.

इरावतीबाईंचा जन्म १५ डिसेंबर १९०५ चा, ब्रह्मदेशातल्या मिंज्यान गावचा. वडील गणेश हरी करमरकर तिकडे कापसाच्या कंपनीत नोकरीला होते. तिथल्या मोठ्या नदीवरून मुलीचे नाव ठेवले. सातव्या वर्षी तिला पुण्याला हुजूरपागेत शिकायला पाठवले. पुढे रँग्लर परांजप्यांच्या घरी ती त्यांच्या मुलीसारखी वाढली. तेव्हा फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य असलेल्या या माणसाच्या घरात पुस्तकांची आणि वादविवादांची काय कमतरता असणार! आम्हा पहिल्या पिढीत कॉलेजची पायरी चढणाऱ्यांना अशा बालपणाचा थोडा हेवा वाटतो, हे लपवण्यात अर्थ नाही. माझ्या घरी पहिले पुस्तक आले ते माझ्याच दप्तरातून.

१९२६ साली त्या फर्ग्युसनमधून तत्त्वज्ञान घेऊन पदवीधर झाल्या. नंतर मुंबईला डॉ. घुर्ये यांच्या हाताखाली समाजशास्त्र शिकल्या आणि १९२८ मध्ये चित्पावन ब्राह्मणांवर प्रबंध लिहिला. याच सुमारास त्यांचे लग्न दिनकर धोंडो कर्वे यांच्याशी झाले. दिनकरराव रसायनशास्त्राचे अध्यापक, स्वतः जर्मनीत शिकून आलेले, महर्षी कर्वे यांचे चिरंजीव. 'समाजस्वास्थ्य' चालवणारे र. धों. कर्वे हे मोठे दीर. एवढे सुधारक घर, पण सून परदेशी शिकायला निघाली तेव्हा सासऱ्यांना ते पटले नाही. दिनकररावांनी मात्र पत्नीची बाजू घेतली. पुढे गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झालेले डॉ. जीवराज मेहता यांनी पैसे कर्जाऊ दिले. स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचणाऱ्या महर्षींच्या घरातही हा प्रश्न सहजी सुटला नाही. मग आमच्या गावाकडे मुलगी नाशकात खोली घेऊन राहते यावर बोलणी होतात, त्यात नवल ते काय?

१९२८ च्या अखेरीस इरावतीबाई बर्लिनला पोहोचल्या. तिथल्या डालेम भागात कैसर विल्हेल्म संस्था म्हणून एक संशोधनसंस्था वर्षभरापूर्वीच निघाली होती. मानवशास्त्र, मानवी आनुवंशिकता आणि सुप्रजननशास्त्र हे तिचे विषय, आणि ऑयगेन फिशर तिचे संचालक. सुप्रजनन म्हणजे चांगल्या बियाण्याची निवड करावी तशी माणसांची निवड करून प्रजा सुधारण्याचा विचार. तो विचार तेव्हा जर्मनीपुरता नव्हता. अमेरिकेत, इंग्लंडात, आपल्याकडेही अनेक शहाण्यासुरत्या माणसांना तो पटत होता.

त्या वेळी आनुवंशिकतेविषयी माहिती होती तरी किती? मेंडेलने वाटाण्यांवर केलेले प्रयोग १९०० मध्ये पुन्हा उजेडात आले होते. गुण एका पिढीत दडून दुसऱ्या पिढीत परत येतो, हे ठाऊक झाले होते. परंतु माणसाच्या पेशीत गुणसूत्रे किती, याचेही बरोबर उत्तर कोणाजवळ नव्हते. ती ४८ आहेत असे सगळे मानीत. ४६ हा खरा आकडा १९५६ मध्ये कळला. जनुक कशाचे बनलेले असते हेही अज्ञात होते. एवढ्या अपुऱ्या ज्ञानावर कोणता वंश श्रेष्ठ आणि कोणता हीन याचे निवाडे मात्र खुशाल दिले जात होते.

फिशर यांची अशी एक कल्पना होती की माणसाच्या कवटीच्या दोन्ही बाजू अगदी सारख्या नसतात, ही असमानता युरोपीयांत अधिक असते, आणि ती त्यांच्या तर्कबुद्धीची खूण आहे. ते सिद्ध करण्याचे काम या हिंदी विद्यार्थिनीकडे आले. इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या. निरनिराळ्या देशांतल्या माणसांच्या त्या कवट्या होत्या. असमानता आढळली, पण ती सर्वांतच आढळली. वंशाशी तिचा संबंध काही लागेना. १९३० मध्ये पुऱ्या केलेल्या प्रबंधात त्यांनी तसेच लिहिले. परक्या देशात, कर्जाच्या पैशावर शिकणारी पंचविशीतली मुलगी, पदवी ज्यांच्या हातात त्या गुरूची कल्पना खोटी ठरली असे लिहिते. बाईंच्या चरित्रातली मला सर्वांत थोर वाटलेली गोष्ट हीच. पुढची कीर्ती या प्रबंधामुळे मिळालेली नाही. तो कित्येक वर्षे कोणी वाचलाही नसेल.

त्या परतल्यानंतर थोड्याच वर्षांत त्या संस्थेचे काय झाले हे सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. १९३३ च्या जुलैत हिटलरच्या सरकारने एक कायदा केला. आनुवंशिक दोष असलेल्यांची सक्तीने नसबंदी करण्याचा तो कायदा होता. त्याखाली सुमारे चार लाख माणसांवर शस्त्रक्रिया झाल्या. संस्थेतले शास्त्रज्ञ या कामात सल्लागार होते. फिशर यांच्यानंतरच्या संचालकाच्या काळात आउश्वित्झच्या छळछावणीतून मारलेल्या माणसांचे अवयव याच संस्थेत तपासायला येत. त्या कायद्यात दोषांची यादी होती. मतिमंदत्व, काही मानसिक आजार, आनुवंशिक आंधळेपणा, आणि आनुवंशिक बहिरेपणा.

या शेवटच्या शब्दापाशी मी बराच वेळ थांबले. माझा धाकटा भाऊ जन्मापासून बहिरा आहे.

आम्ही निफाड तालुक्यातले. आजीने आपल्या भावाची मुलगी सून करून आणली, ती माझी आई. म्हणजे माझे वडील आणि आई हे आते-मामे भावंड. आमच्याकडे यात कोणाला काही वावगे वाटत नाही. उलट घरातली सोयरीक म्हणजे जमीन, मान, भांडी सगळे घरात राहते, आणि सासू आत्याच असल्याने पोरीला जाच नाही, असा हिशेब. भाऊ जन्मला, वर्ष-दीड वर्षाचा झाला तरी हाकेला वळेना, तेव्हा आईने ग्रहण पाळले नाही असे ठरले. गरोदरपणी ग्रहणात ती विळीवर भाजी चिरीत होती म्हणे. आज भाऊ अकरा वर्षांचा आहे. ही दहा वर्षे आईने ते ग्रहण पदरात बांधून वागवले आहे. आता आत्याने माझ्यासाठी विचारले आहे, तिच्या मुलाकरिता.

इरावतीबाईंचे पुस्तक ज्या विषयावर आहे तो हाच. १९५३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथासाठी त्यांनी सगळा हिंदुस्थान पालथा घातला होता. त्यात देशाचे उत्तर, मध्य, दक्षिण आणि पूर्व असे चार भाग पाडून नात्यांच्या रीती सांगितल्या आहेत. उत्तरेकडे रक्ताच्या नात्यात लग्न नाही, जवळच्या गावातही मुलगी देत नाहीत. दक्षिणेत मामाची मुलगी, आत्याची मुलगी, कुठे कुठे सख्खी भाचीसुद्धा चालते. महाराष्ट्र या दोहोंच्या मधला. इथे पुष्कळ जातींत मुलाने मामाची मुलगी करावी, आत्याची मात्र करू नये. वाचताना मला आमचे घर कोणीतरी वरून पाहून त्याचा नकाशा काढल्यासारखे वाटले. आजी, आई आणि आता मी, एकाच रेघेवर. आम्ही ज्याला आमच्या घरची पद्धत म्हणतो ती हजारो घरांची पद्धत आहे आणि तिला हद्दी आहेत, ही गोष्ट मला प्रथमच कळली.

या पद्धतीचा प्रकृतीवर परिणाम काय होतो, हा प्रश्न बाईंनी हाताशी घेतला नाही. रोग हा त्यांचा विषय नव्हता. ते ज्ञान मागाहून आले, आणि मला ते भावाच्या कानाची तपासणी करणाऱ्या डॉक्टरीणबाईंकडून मिळाले. आपल्या जवळजवळ प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडची, एक वडिलांकडची. एक बिघडलेली असली तरी दुसरीवर काम भागते, माणसाला काही जाणवत नाही. असा माणूस वाहक. आपण सगळेच कोणत्या ना कोणत्या दोषाचे वाहक असतो. अडचण येते ती आई आणि वडील दोघेही एकाच दोषाचे वाहक असले तर. मग प्रत्येक मुलाला दोन्ही बिघडलेल्या प्रती मिळण्याची शक्यता चारात एक. परक्या घरातल्या दोघांत नेमका तोच दोष असणे कठीण. पण सख्ख्या आते-मामे भावंडांचे आजी-आजोबा एकच, आणि त्यांच्या जनुकांचा सरासरी आठवा हिस्सा सारखा असतो. त्यामुळे पणजोबांकडची एकच बिघडलेली प्रत दोन वाटांनी खाली येऊन एका मुलात भेटू शकते. ऐकू येणाऱ्या आईबापांच्या मुलात जन्मजात बहिरेपणा येतो तो बहुधा असाच, आणि त्यातही कनेक्सिन २६ नावाच्या प्रथिनाचे जनुक हे एक नेहमीचे कारण. आम्ही भावाच्या रक्ताची तपासणी केलेली नाही, ती खर्चाची आहे. पण डॉक्टरीणबाईंनी कागदावर वंशवेल काढली आणि आजीच्या वडिलांपासून दोन बाणांनी रेघा ओढल्या, तेव्हा फारसे काही सांगायचे उरले नाही.

ते मी आईला सांगितले ते कांद्याच्या बियाण्यावरून. शेतातली बाई, बियाणे दडते आणि नंतर उगवते हे तिला मेंडेल न वाचता ठाऊक. निम्मे तुझ्याकडून, निम्मे दादांकडून, आणि दोघांचेही मूळ एकच, असे सांगितल्यावर तिने एवढेच विचारले की मग ग्रहणाचे काय. ग्रहणाचे काही नाही, मी म्हटले. ती उठून चुलीपाशी गेली.

सायन्सच्या एका मैत्रिणीने वहीत मला माझाही हिशेब मांडून दिला. आईवडील दोघे वाहक असतील तर मी, जिला ऐकू येते, तीही वाहक असण्याची शक्यता तीनात दोन. तो दोष आजीकडून वडिलांत आला असेल तर आत्यात असण्याची शक्यता दोनात एक, आतेभावात चारात एक. यातून आमचे मूल बहिरे होण्याची शक्यता निघते चोविसात एक. आकडा भयंकर नाही. एरवीही शंभर जन्मांत दोन-तीन मुलांत काहीतरी गंभीर दोष असतोच. भावंडांच्या लग्नात तो आकडा साधारण दुपटीवर जातो. म्हणजे अशा लग्नांतली बहुतेक मुले धडधाकटच असतात, आणि आत्या हेच म्हणते. आतेभाऊ मनाने चांगला आहे. तरी मी नाही म्हणून सांगितले आहे. आमच्या घरात ही रेघ दोनदा ओढून झाली आहे, तिसऱ्यांदा ओढायची नाही.

मात्र जवळच्या नात्यातले लग्न टाळले म्हणजे प्रश्न संपला असे समजण्याचे कारण नाही, आणि इथे इरावतीबाईंचे दुसरे मोठे काम उपयोगी पडते. बर्लिनहून आल्यावर त्यांनी १९३६ पर्यंत महिला विद्यापीठाच्या कचेरीत काम केले. १९३९ मध्ये त्या डेक्कन कॉलेजात समाजशास्त्राच्या प्रपाठक झाल्या आणि मोजमापाची साधने घेऊन हिंडू लागल्या. घरी त्या नवऱ्याला दिनू म्हणत आणि मुले त्यांना इरू म्हणत. पुण्यात स्कूटरवरून जाणारी बाई म्हणून लोक थांबून पाहत. १९४७ मध्ये भारतीय विज्ञान परिषदेच्या मानवशास्त्र विभागाच्या त्या अध्यक्षा होत्या. वि. म. दांडेकरांबरोबर त्यांनी महाराष्ट्रातल्या अनेक जातीजमातींची मापे घेऊन १९५१ मध्ये छापली.

या मापांतून निघाले ते असे. एका नावाने ओळखली जाणारी जात आतून एक नसतेच. मोठ्या चाकावर मडकी घडवणारे कुंभार आणि लहान चाकावर घडवणारे कुंभार परस्परांत मुली देत नाहीत, आणि अंगानेही ते एका घरचे दिसत नाहीत. ब्राह्मणांचेही तसेच. एक मूळ जात फुटून पोटजाती झाल्या, हे घुर्ये यांचे म्हणणे होते. शिष्येने उलट सांगितले की मुळात निरनिराळे असलेले समूह शेजारी शेजारी मांडले जाऊन जात तयार झाली. १९६१ च्या हिंदू समाजावरच्या पुस्तकात हा विचार आला. १९६८ मध्ये कैलाशचंद्र मल्होत्रांसह त्यांनी सारख्याच दर्जाच्या आठ अंतर्विवाही गटांची तुलना प्रसिद्ध केली आणि या गटांतही भेद दाखवले. दुसऱ्यांदा गुरूंशी मतभेद! पण या वेळी गुरू तरी भला होता.

म्हणजे रक्तात लिहिलेले असते ते काय? दर्जा नव्हे. कोणाची सोयरीक कोणाशी झाली, एवढाच इतिहास. एखादा गट शेकडो वर्षे आपल्यातच लग्ने करीत राहिला की त्यातल्या मूळच्या काही माणसांचे दोष त्याच गटात फिरत राहतात. नातेवाईक नसलेले नवरा-बायकोही मग दूरचे भाऊबहीणच असतात. आंध्रातल्या वैश्य समाजात भुलीच्या एका औषधाचा निचरा करणारे द्रव्य अनेकांच्या रक्तात नसते, त्यामुळे भूल दिल्यावर श्वास लवकर परत येत नाही. तिथले भूलतज्ज्ञ हे ओळखून असतात. सिंधी, लोहाणा, भानुशाली या समाजांत थॅलसेमियाचे वाहक अधिक आहेत. १९५२ मध्ये मुंबईत डॉ. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधलेला 'बॉम्बे' रक्तगट हा रोग नव्हे, पण तोही दोन्हीकडून एकच बिघडलेली प्रत आल्यावरच दिसतो. २०१७ मध्ये दक्षिण आशियातल्या २६३ गटांच्या जनुकांची पाहणी प्रसिद्ध झाली. तिच्यात ८१ गट असे निघाले की आतल्या आत लग्ने झाल्याचा ठसा त्यांच्यात फिनलंडचे लोक किंवा युरोपातले ज्यू यांच्यापेक्षाही ठळक होता. त्यातल्या चौदा गटांची लोकसंख्या दहा लाखांवर आहे. बाईंनी डोकी मोजून जे चाचपडत सांगितले ते यंत्रांनी असे पक्के केले.

इरावतीबाईंनी पश्चिम खानदेशातल्या भिल्लांवरही पुस्तक लिहिले. आपल्या नाशिकला लागून असलेला हा मुलूख, आजचे धुळे आणि नंदुरबार जिल्हे. तिथल्या भिल्ल-पावरा समाजात सिकलसेलचे वाहक मोठ्या संख्येने आहेत. काही पाहण्यांत ते शंभरात वीसहून अधिक निघाले. रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या एका साखळीत सहाव्या जागी एक दुवा बदलतो, एवढाच तो बिघाड. दोन्ही प्रती तशा असल्या की तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, वाहिन्यांत अडकतात, हाडे ठणकतात. पण एकच प्रत असलेल्याला मलेरिया सहज मारू शकत नाही. जंगलपट्टीतल्या पिढ्यांना ज्याने तगवले तेच त्यांच्या मुलांना छळते. याला हीन रक्त म्हणणाऱ्याने मलेरियाच्या रानात चार पावसाळे काढून पाहावेत. देशात सिकलसेल निर्मूलनाची मोहीम १ जुलै २०२३ ला सुरू झाली.

सगळेच दोष सोयरिकीवर ढकलता येत नाहीत, हेही सांगायला हवे. डाउन सिंड्रोमचे मूल आमच्याही गल्लीत आहे आणि त्याच्या आईलाही माझ्या आईइतकेच ऐकून घ्यावे लागते. त्यात एकविसाव्या गुणसूत्राच्या दोनऐवजी तीन प्रती असतात. हे १९५९ मध्ये लझन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले. बीज तयार होताना गुणसूत्रांची जोडी सुटी झाली नाही की हे घडते. बहुतेक वेळा ते कोणाकडून वारशाने आलेले नसते, नात्यातल्या लग्नाशी त्याचा संबंध नसतो. आईचे वय वाढेल तशी शक्यता वाढते, विशीत दीड हजारात एक, तर चाळिशीत शंभरात एक. ग्रहण इथेही कुठे येत नाही.

बाईंच्या कामातले एक मला खटकते. ज्या मोजपट्टीने फिशर यांची कल्पना खोटी ठरवली ती त्यांनी आयुष्यभर हातातून ठेवली नाही. वंश हा शब्दही सोडला नाही. डोक्याचा आकार खाण्यापिण्याने आणि राहण्याच्या जागेने बदलतो, हे फ्रान्झ बोआस यांनी अमेरिकेत स्थायिक झालेल्यांच्या मुलांची डोकी मोजून १९१२ च्या सुमारासच दाखवले होते. तरीही डोके मोजून घराणे ओळखण्याचा मोह इरावतीबाईंना अखेरपर्यंत राहिला. निष्कर्ष बरोबर निघाले ते मोजपट्टीपेक्षा त्या लग्नाची चौकशी नीट करीत म्हणून, असे माझे मत आहे. प्राध्यापकांना ते पटेलच असे नाही.

शेवटची वर्षे कामाचीच होती. 'युगान्त' १९६७ मध्ये आले, १९६८ मध्ये त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. कोयना धरणाने उठवलेल्या गावांची पाहणी त्यांनी जाई निंबकर या आपल्या मुलीबरोबर केली. दुसऱ्या कन्या गौरी देशपांडे याही पुढे मोठ्या लेखिका झाल्या. ११ ऑगस्ट १९७० रोजी इरावतीबाई वारल्या, वयाच्या चौसष्टाव्या वर्षी. तेव्हा एका जनुकातली अक्षरे वाचून दाखवण्याची पद्धतही निघालेली नव्हती. ती निघायला आणखी सात वर्षे लागली.